जेवायचे निमित्त

“बाबा, येत्या रविवारी जेवायला बाहेर जाऊ. विमानानं.”

चिरंजीवांनी हे वाक्य अशा सुरात उच्चारले, की जणू कोपऱ्यावरच्या खाणावळीत जाण्याचा बेत आहे. मी हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि सौभाग्यवतींकडे पाहिले. सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारानंतर काही प्रश्न नजरेनेच विचारता येतात. प्रश्न असा होता : याला बरे आहे ना?

२०२३ सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आम्ही उभयता कॅलिफोर्नियात, लाँग बीच येथे, चिरंजीवांच्या घरी राहायला गेलो होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी छोटे विमान चालवण्याचा खाजगी परवाना मिळवला, हे फोनवरून कळले होते. इतर लोक चाळिशीनंतर व्यायामशाळेत नाव घालतात, तसेच हे काहीतरी असेल, असे आम्ही समजून चाललो होतो. नाव घातलेला मनुष्य पुढे व्यायाम करतोच असे नाही. त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

त्या दिवशी मात्र मला एक नवीच रीत कळली. अमेरिकेत हजारो लोकांकडे असा परवाना आहे. परवाना मिळाला म्हणजे उडायचे. पण उडून जायचे कुठे? कुठेतरी जायला काहीतरी कारण हवे. मग कुणीतरी शोधून काढते, की पन्नास मैलांवरच्या अमुक विमानतळावर छोटेसे उपाहारगृह आहे. झाले! रविवारी विमान काढायचे, तिथे उतरायचे, एक हँबर्गर खायचा आणि परत यायचे. याला ते लोक ‘शंभर डॉलरचा हँबर्गर’ म्हणतात. आता महागाईमुळे शंभरात भागत नाही. नाव मात्र जुनेच चालू आहे.

आमचा बेत कॅटालिना बेटावर जाण्याचा होता. लाँग बीचहून बोटीने तिथे सुमारे तासाभरात जाता येते.

“मग बोटीनं का नको?” मी विचारले.

“बोटीनं गेलो तर विमानतळावर कसं जेवणार?” चिरंजीव म्हणाले.

या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

बँकेत चौतीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात मी घालवली आहेत. घरचा हिशेब मी आजही वहीत लिहितो. धान्य, दूध, औषधे, प्रवास, अशी सदरे पाडून दररोज रात्री जमाखर्च मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. विमान क्लबकडून तासाच्या दराने भाड्याने मिळते. आपल्या रिक्षासारखेच त्याला मीटर असते आणि ते इंजिन चालू असेपर्यंत पळते. जाऊन-येऊन आणि तिथे उतरण्याची फी धरून दोनशे डॉलरांच्या वर खर्च होणार होता. वीस डॉलरच्या जेवणासाठी दोनशे डॉलरचे जाणे-येणे! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो हाच. मी मनातल्या मनात डॉलरचे रुपये केले आणि गप्प बसलो.

गप्प बसायला आणखीही एक कारण होते.

आम्ही पूर्वी हडपसरला राहत असू. तिथे ग्लायडिंग सेंटर आहे. इंजिन नसलेली ती पांढरी विमाने लांबलचक तारेने खेचून वर सोडतात आणि मग ती घारीसारखी आवाज न करता आभाळात फिरत राहतात. चिरंजीव सात-आठ वर्षांचे असल्यापासून रविवारी त्या मैदानाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहत. जेवायला बोलावण्यासाठी मला सायकल काढून जावे लागे. पुढे १९९६ साली बारावीचा निकाल लागला आणि एका संध्याकाळी त्याने वैमानिकाच्या प्रशिक्षणाचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. मी फी वाचली. माझा सगळा प्रॉव्हिडंट फंड मोडला असता तरी ती पुरी झाली नसती. शिवाय धाकटीचे शिक्षण व्हायचे होते आणि घराचे हप्ते चालू होते. नाही म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पण मी नुसते नाही म्हटले नाही. घरात चार पाहुणे बसले होते. मी फॉर्म घडी करून त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, “अरे, विमानात बसावं. चालवायला दुसरे लोक पगारी ठेवलेले असतात!”

सगळे हसले. तोही हसला. फॉर्म घेऊन आत गेला आणि पुढे इंजिनियर झाला.

नकाराबद्दल मला कधी टोचणी लागली नाही. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याने नाही म्हणावे, यात लाज कसली? टोचत राहिला तो विनोद. सत्तावीस वर्षांत तो मला अधूनमधून आठवे, आणि दर वेळी त्यातले हसू थोडे कमी होत जाई.

पहिल्या रविवारी आम्ही गेलोच नाही. मे-जून महिन्यांत त्या किनाऱ्यावर सकाळी समुद्रावरून बसके करडे ढग येतात आणि कधीकधी दुपारपर्यंत हलत नाहीत. आम्ही विमानतळावर जाऊन दोन तास बसलो. सौभाग्यवतींनी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा बरोबर घेतला होता. जेवायला जाताना डबा कशाला, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “तिथं काय मिळेल कुणास ठाऊक!” प्रवासाला निघताना शिदोरी घ्यायची, हा नियम त्यांनी पंढरपूरपासून कॅलिफोर्नियापर्यंत सारखाच पाळला आहे. अकरा वाजता चिरंजीवांनी आभाळाकडे पाहिले, फोनवर हवामान पाहिले, पुन्हा आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, “आज नाही.”

पलीकडच्या मैदानावरून दोन विमाने उडालेली मी पाहिली होती. मी म्हणालो, “ते गेले की!”

“त्यांना ढगातून उडण्याचा वेगळा परवाना असेल. माझ्याकडे नाही,” एवढेच बोलून त्यांनी गाडीची किल्ली काढली.

आम्ही घरी येऊन पुऱ्या खाल्ल्या. खरे सांगायचे तर, त्या दिवशी मला प्रथम वाटले, की या मुलाच्या शेजारी बसायला हरकत नाही. आई-बापांना मिरवण्याची हौस असतानाही जो ‘आज नाही’ म्हणू शकतो, त्याच्या हाती आपला जीव देता येईल.

दुसऱ्या रविवारी आभाळ दहा वाजताच मोकळे झाले. निघण्यापूर्वी एक नाजूक प्रसंग उभा राहिला. छोट्या विमानात कोण किती वजनाचा आणि कुठे बसणार, याचा आधी हिशेब करावा लागतो. वजन फार झाले किंवा फार मागे गेले, तर विमान नीट उडत नाही. चिरंजीवांनी कागद-पेन्सिल घेऊन विचारले, “आई, तुझं वजन?”

सौभाग्यवतींनी एक आकडा सांगितला. तो आकडा मला ओळखीचा वाटला. बऱ्याच वर्षांपूर्वीचा होता. चिरंजीवांनी काही न बोलता त्यात दहा किलो मिळवून लिहिले. हिशेबाच्या बाबतीत मुलगा आपल्यावर गेला आहे, हे पाहून मला समाधान वाटले.

विमान सेस्ना १७२ जातीचे होते. चार जण बसतात, पंख डोक्यावर असतात, पुढे एकच पंखा. १९५६ पासून या जातीची चव्वेचाळीस हजारांहून अधिक विमाने बनली आहेत. जगात दुसऱ्या कोणत्याही जातीची इतकी बनलेली नाहीत. आमचे विमान १९७७ सालचे होते, म्हणजे चिरंजीवांपेक्षा एक वर्षाने मोठे. ही माहिती त्यांनी सौभाग्यवतींना द्यायला नको होती. दार जुन्या फियाट गाडीच्या दारासारखे हलके होते आणि तसेच आपटून लावावे लागले.

त्यापूर्वी अर्धा तास चिरंजीव विमानाभोवती फिरत होते. हातात छापील यादी. एकेक ओळ वाचायची, तिथे हात लावून पाहायचे, मग पुढची ओळ. पंखाखालून काचेसारख्या नळीत थोडे पेट्रोल काढून उजेडात धरले. त्यात पाणी नाही ना, हे पाहायचे होते. ते पेट्रोल निळे होते, अगदी आपल्या रेशनच्या रॉकेलसारखे. तेल पाहिले, चाके पाहिली, पंखांच्या फळ्या हलवून पाहिल्या. रोजचीच गोष्ट, पण यादी वाचल्याशिवाय एक पाऊल पुढे नाही. रात्री झोपण्यापूर्वी गॅसचे बटण तीनदा पाहणारी त्यांची आई हे सारे कौतुकाने बघत होती. मी कौतुक केले नाही. पण कॅशची पेटी बंद करण्यापूर्वी मीही असाच प्रत्येक गड्डीला हात लावीत असे, हे मला आठवले.

मी पुढे, चिरंजीवांच्या उजवीकडे बसलो. कानांवर मोठे कर्णे चढवले, अंगात तरंगण्याची जाकिटे घातली. माझ्यासमोरही एक सुकाणू होते. त्यांनी आपले ओढले, की माझेही आपोआप माझ्याकडे सरकत होते. आम्ही धावपट्टीवरून पळालो आणि केव्हा जमीन सुटली, ते मला कळलेच नाही. मोठ्या विमानात माणूस प्रवासी असतो; इथे तो वाऱ्याच्या हातावर बसलेला असतो. प्रत्येक झुळूक आसनाखाली जाणवते. खाली बंदरातली जहाजे आगपेटीएवढी झाली, आणि मग नुसता समुद्र.

“इतकं वर कशाला?” साडेसहा हजार फुटांवर मी विचारले. “बेट तर तिथं दिसतंय.”

“एकच इंजिन आहे ना, बाबा. ते बंद पडलं, तर दर हजार फुटांमागे साधारण दीड मैल तरंगत जाता येतं. एवढ्या उंचीवर असलो, की मध्यावरूनसुद्धा अलीकडचा नाही तर पलीकडचा किनारा गाठता येतो.”

“म्हणजे इंजिन बंद पडलं तर?”

“तर हे हडपसरचं ग्लायडर होतं.”

ते समोर पाहत होते. मीही समोर पाहू लागलो. मागून सौभाग्यवतींचा आवाज कानात आला, “बंद पडण्याच्या गोष्टी उतरल्यावर बोला.”

कॅटालिना बेट किनाऱ्यापासून सुमारे बावीस मैलांवर आहे. च्युइंग गमचा व्यापार करून गबर झालेल्या विल्यम रिग्ली यांनी १९१९ साली ते विकत घेतले. तिथे सपाट जागा अशी नाहीच. म्हणून पुढे त्यांच्या मुलाच्या काळात दोन टेकड्यांचे माथे कापले, मधली दरी भरून काढली आणि १६०२ फूट उंचीवर तीन हजार फूट लांबीची धावपट्टी केली. १९४६ साली ती खुली झाली. ‘आकाशातला विमानतळ’ हे तिचे नाव. दोन्ही टोकांना कडा तुटलेला. शिवाय पट्टीला मध्ये उंचवटा असल्यामुळे उतरताना पलीकडचे टोक दिसत नाही. नवख्याला वाटते, पट्टी इथेच संपली. जुना डांबरी पृष्ठभाग इतका खराब झाला, की २०१९ साली अमेरिकन लष्कराच्या जवानांनी तिथे राहून तो काँक्रीटचा करून दिला. कंट्रोल टॉवर नाही. येणारा प्रत्येक वैमानिक रेडिओवर आपण कुठे आहोत ते स्वतःच सांगतो आणि बाकीचे ऐकतात.

चिरंजीवही सांगत होते. शांत, सावकाश, परक्या भाषेत. घरी हा मुलगा मोजकेच बोलतो. हा आवाज मी प्रथमच ऐकत होतो. कडा समोर आला, पट्टी चढासारखी उभी दिसली, मी नकळत समोरच्या सुकाणूकडे हात नेला आणि मागे घेतला. चाके टेकली. उंचवटा ओलांडल्यावर उरलेली पट्टी दिसली आणि माझा श्वास सुटला.

उपाहारगृह धावपट्टीला लागूनच आहे. बाहेर बाके मांडलेली. तिथला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बायसनच्या मांसाचा हँबर्गर. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा अमेरिकेतला चुलतभाऊ. १९२४ साली एका चित्रपटासाठी चौदा बायसन या बेटावर आणले, ते पुन्हा नेलेच नाहीत, असे सांगतात. त्यांचा वंश अजून तिथल्या डोंगरांत हिंडतो. आम्हां उभयतांना या पदार्थाचा उपयोग नव्हता. आम्ही चीज घातलेला भाजका सँडविच आणि एक भलीमोठी बिस्किटाची चकती मागवली. मग सौभाग्यवतींनी शांतपणे डबा उघडला. शेजारच्या बाकावर एक वयस्क अमेरिकन वैमानिक एकटेच बसले होते. त्यांनाही दोन पुऱ्या गेल्या. त्यांनी त्या खाऊन आपल्या विमानाकडे बोट दाखवले आणि विचारले, की या कुठल्या विमानतळावर मिळतात?

सँडविच साधा होता. घरी याहून बरा होतो. मी तसे म्हणालो. म्हणालो म्हणजे काय, तोंडातून निघून गेले.

चिरंजीव हसले. “बाबा, दर महिन्याला तुम्ही मला सिंहगडावर न्यायचात. पहाटे पाचला उठवून, पायी. काय खायला?”

“पिठलं-भाकरी. आणि मडक्यातलं दही.”

“आई घरी पिठलं करत नव्हती?”

“गडावरच्यापेक्षा चांगलं करत होते,” सौभाग्यवती म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. साडेचार तासांची पायपीट, घामाने भिजलेले शर्ट, मागे रेंगाळणाऱ्या पोराला “अरे, वर पिठलं-भाकरी आहे” असे सांगत चढवलेली ती चढण, सारे डोळ्यांपुढे आले. सिंहगड काही कमी उंच नाही. समुद्रसपाटीपासून तेरा शे मीटर भरतो. तिथवर पिठल्यासाठी गेलो, असे इतकी वर्षे मी प्रामाणिकपणे समजत होतो. माणसाला मुलाबरोबर चार तास चालायचे असते. पण तसे सांगण्याची आपल्या घरात पद्धत नसते. मग पिठल्याचे नाव पुढे करावे लागते.

सौभाग्यवती दुकानातली चित्रे पाहायला गेल्या. आम्ही दोघेच उरलो. मी पाण्याचा पेला फिरवीत म्हणालो, “तो फॉर्म तू आणला होतास, बारावीनंतर...”

“हो.”

“पैसे नव्हते रे.”

“ठाऊक होतं मला. फॉर्म आणण्याआधीच मी हिशेब केला होता. तुमच्या वहीतूनच.”

“मग आणलास कशाला?”

चिरंजीवांनी एका उतरणाऱ्या विमानाकडे नजर लावली. ते टेकेपर्यंत ते बोलले नाहीत.

“तुम्ही काय म्हणता, ते ऐकायचं होतं.”

मी काय म्हणालो होतो, ते आम्हां दोघांनाही आठवत होते. त्याचा उच्चार कुणीच केला नाही. काही वेळाने मी म्हणालो, “तुझं पट्टीवर उतरणं चांगलं होतं. मला धक्का लागला नाही.” सत्तावीस वर्षे उशिरा दिलेल्या उत्तराला हे शब्द फार तोकडे होते, पण माझ्याजवळ तेवढेच होते. चिरंजीवांनी मान हलवली आणि माझ्या बशीतली उरलेली अर्धी पुरी उचलून तोंडात टाकली.

परत येताना समुद्राच्या मध्यावर त्यांनी आपले हात मांडीवर ठेवले आणि म्हणाले, “धरा, बाबा.” मी सुकाणू धरले. दोन मिनिटे धरले असेल. ते जिवंत होते. पतंगाचा मांजा हातात असावा तसे ओढ घेत होते. मागून सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सोडा ते!” मी लगेच सोडले नाही.

लाँग बीचला उतरून विमान दोरांनी बांधल्यावर मी पाकीट काढले. चिरंजीवांकडून पैसे घेतले जाणार नाहीत, याची मला खात्री होती. गेल्या वीस वर्षांत त्यांनी आमच्याकडून एक पैसा घेतलेला नाही. पण ते म्हणाले, “इथल्या कायद्याप्रमाणे खाजगी वैमानिकाला प्रवाशांकडून भाडं घेता येत नाही. खर्चाचे सारखे वाटे मात्र करता येतात. माझा वाटा तुमच्यापेक्षा कमी असून चालत नाही, एवढंच. एकंदर दोनशे पंचवीस झाले. माणशी पंच्याहत्तर.”

मी त्यांच्या हातावर दोघांचे मिळून दीडशे डॉलर ठेवले. त्यांनी ते मोजले, नीट, एकेक नोट, माझ्यासारखेच, आणि खिशात घातले.

त्या रात्री मी वही उघडली. दीडशे डॉलर, म्हणजे सुमारे बारा हजार तीनशे रुपये, कोणत्या सदराखाली घालावेत, ते सुचेना. ‘प्रवास’ म्हणावे, तर आम्ही जिथून निघालो तिथेच परत आलो होतो. ‘जेवण’ म्हणावे, तर पुऱ्या घरच्या होत्या. शेवटी मी एक नवे पान काढले आणि वर सदराचे नाव घातले. इंजिनियरिंगची शेवटची फी भरल्यावर, २००० साली, हे सदर मी लाल रेघ मारून बंद केले होते.

त्यावर लिहिले : ‘चिरंजीवांचे शिक्षण’. आणि खाली रक्कम मांडली.